विजयाबाईंच्या बुलेटच्या रिंगा

होळीनंतर आलेलं ते पत्र आल्हादराव पागनिसांना एव्हाना पाठ झालं होतं, पण त्याला उत्तर मात्र गेलं नव्हतं. पत्र काही मोठं नव्हतं. विजयाबाईंनी नाशिकहून लिहिलं होतं, की नातू आता शाळेत जायला लागला, माझं इथलं काम संपलं. आदित्य म्हणतो, आई, आता कायमची इथेच राहा, उज्जैनचा फ्लॅट दिवाळीपासून भाड्याने देऊन टाकू. मी त्याला थांब म्हटलंय.

"पागनीस," त्यांनी पुढे लिहिलं होतं, "मी परत यावं असं तुम्हाला वाटतं का? शेजारीण म्हणून नाही, वाचनालयातली ओळख म्हणून नाही. उरलेले दिवस आपण एका घरात काढावेत असं मला वाटतं. तुम्हाला वाटतं का, तेवढं लिहा. फोन करू नका, फोनवर तुम्ही नुसतं हो-हो करता. आणि 'जशी आपली इच्छा' असंही लिहू नका. माझी इच्छा मला ठाऊक आहे."

खाली ताजा कलम होता. "बुलेट तुमच्या पोर्चमध्ये अडगळ करत असेल तर भंगारात द्या."

पागनीस कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. लग्न राहून गेलं होतं. कुणी नको म्हटलं होतं असं नाही, विचारायचं राहून गेलं होतं. सत्तरी ओलांडल्यावर कुणी आपल्याला असं पत्र लिहील हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. ते पत्र हातात घेऊन कितीतरी वेळ खुर्चीत बसून राहिले होते, आणि त्यांना इतका आनंद झाला होता की भीतीच वाटली.

मग ते उत्तर लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडकले. 'सौ.' लिहिता येत नव्हतं. 'श्रीमती' फार थंड वाटायचं. 'प्रिय' लिहिलं की कान गरम व्हायचे. एकदा 'स. न. वि. वि.' लिहून पाहिलं, तर ते पाणीपट्टीच्या तक्रारीसारखं दिसायला लागलं. कागद फाडले गेले, उन्हाळा गेला, पावसाळा गेला.

बुलेट विजयाबाईंच्या यजमानांची. ते बँकेच्या बदलीवर सांगलीहून इथे आले आणि इथलेच झाले. ते वारल्यावर सगळ्यांनी गाडी विका म्हणून सांगितलं, तर बाईंनी पन्नाशी उलटल्यावर ती चालवायला शिकून घेतली. वाचनालयात पुस्तकं उशिरा परत करण्यावरून त्यांची आणि पागनिसांची आधी भांडणं झाली, मग ओळख झाली, मग दर गुरुवारी भैरवगढला चक्कर सुरू झाली. तिथे छापेवाल्यांकडे बाई चादरी बघायच्या, पागनीस लाकडी ठसे बघायचे. बाई पुढे, पागनीस मागे, दोन्ही हातांनी कॅरियर घट्ट धरून. फ्रीगंजातली माणसं वळून बघायची. पागनिसांना गाडी चालवता येत नव्हती, आणि येत नव्हती याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं.

बाई नाशिकला जायच्या आधीच बुलेट निळा धूर ओकायला लागली होती. चढावर दमायची. पत्राचं अडल्यावर पागनिसांनी ठरवलं, की गाडी दुरुस्त करायची. मग पत्राचं पहिलं वाक्य आपोआप तयार होईल, 'आपली गाडी सुरू झाली.' एकदा पहिलं वाक्य झालं की दुसरं सुचेल. हा सगळा पळवाट काढण्याचा प्रकार आहे हे त्यांना कळत होतं, पण पळवाटेला निदान तेल-वंगणाचा वास होता, काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

त्यांनी आधी पुस्तक मिळवलं. जुनं इंजिन-दुरुस्तीचं, पानं पिवळी पडलेलं. ते त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, खुणेच्या चिठ्ठ्या घालत. आणि मग वरच्या मजल्यावरच्या तात्या मोघ्यांना हाक मारली.

तात्या म्हणजे देवास गेटच्या बस डेपोतले एके काळचे हेड फोरमन. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून डेपोतलाच. त्यांनी बुलेटकडे एकदा बघितलं, बाह्या सरसावल्या आणि दुपारपर्यंत हेड आणि सिलिंडर उतरवून पोर्चमध्ये वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं.

"रिंगा गेल्या," तात्यांनी निदान केलं. "बस, बाकी काही नाही. रिंगा म्हणजे ह्या पिस्टनच्या बांगड्या. घिसल्या की तेल वर चढतं, धूर मारतं."

"पुस्तकात लिहिलंय की सिलिंडर झिजला असेल तर बोरिंग करून, म्हणजे आतून सारखा कातून घ्यावा..."

"अरे बाबा, बोरिंग कशाला? एक नंबर मोठ्या रिंगा आणू, टोकं कानशीनं घिसून बसवू. अपने को कोई रेस थोडी लगानी है!"

तात्या स्वतः देवास गेटला जाऊन रिंगा घेऊन आले. त्या बीडाच्या, ओतीव लोखंडाच्या, काळपट, हातात घेतल्यावर चिमणीच्या हाडांसारख्या हलक्या आणि तितक्याच ठिसूळ वाटायच्या. प्रत्येक रिंग एका ठिकाणी कापलेली. सिलिंडरमध्ये घातली की त्या दोन टोकांमध्ये बारीकशी फट राहायला हवी, पुस्तकात लिहिलं होतं. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले बारा. फट जास्त झाली तर गॅस निसटतो. कमी झाली तर त्याहून वाईट. इंजिन तापलं की रिंग फुगते, टोकं एकमेकांवर आपटतात, आणि मग तिला जागाच उरत नाही.

टोकं घासायचं काम पागनिसांकडे आलं, आणि गंमत म्हणजे ते त्यांना जमलं. बारीक कानस, बाहेरून आत, एकाच टोकाला, अगदी सरळ, दोन-तीन हात मारायचे की थांबायचं. पुसायचं. मग तात्यांनी ती सिलिंडरमध्ये घालायची. फिलर गेजचं, म्हणजे त्या बारीक पोलादी पात्यांच्या जुडग्यातलं बाराचं पातं फटीत सरकवून बघायचं. जात नसेल तर पुन्हा दोन हात.

"अहो, जरा जोर लावा! रिंग घासताय की बाळाची नखं कापताय?"

"घासलेलं परत येत नाही, तात्या."

"नाही आलं तर दुसरी आणू. दुनियेत रिंगांचा तुटवडा नाहीये."

वरच्या गॅलरीतून तात्यांच्या बायकोचा, प्रतिभावहिनींचा आवाज आला. "त्यांना करू द्या हो त्यांच्या हिशोबानं. तुमच्या जोरानं आपल्या घरातला एक नळ धड राहिलेला नाही."

पहिली रिंग मोजायची वेळ आली तेव्हा तात्यांनी ती सिलिंडरच्या वरच्या तोंडातून बोटभर आत घातली, बोटांनीच सरळ केली, आणि पातं सरकवलं. पातं लोण्यातून जावं तसं गेलं. "बारा. पास! दुसरी द्या."

पागनिसांचे ओठ हलले. पुस्तकाच्या एका पानावर, त्यांनी चिठ्ठी घालून ठेवलेल्या पानावर, स्पष्ट लिहिलं होतं. जुन्या सिलिंडरमध्ये रिंग वर मोजू नये. वरचा भाग सगळ्यात जास्त झिजलेला असतो, तिथे तोंड मोठं झालेलं असतं, फट खोटीच मोठी दिसते. रिंग पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकलावी, जिथे झीज कमीत कमी आहे तिथपर्यंत, आणि तिथे मोजावी.

"तात्या, पुस्तकात असं..."

"काय आहे पुस्तकात?"

तात्या डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होते. कपाळावर काळं तेल, हातात रिंग, आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांत न दिसलेली तरतरी. डेपो सुटल्यापासून या माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं. पागनिसांना वाटलं, आता यांना पुस्तक काय दाखवायचं? आणि आपण तरी कोण? जन्मात एक स्क्रू पिळला नाही. पुस्तकही जुनं. आपलाच वाचण्यात घोटाळा झाला असेल.

"काही नाही," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तसं."

तिन्ही रिंगा पास झाल्या. इंजिन पुन्हा जोडून झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी किक मारली तेव्हा बुलेट जागची उठून बोलायला लागली. धूर नाही. ठोका असा एकसारखा, की वहिनी हातातला झारा तसाच घेऊन गॅलरीत आल्या. पागनिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते धुरामुळे आल्यासारखं पुसलं, पण धूर नव्हताच.

"बसा मागे!" तात्या ओरडले.

पागनीस बसले. गल्लीतून बाहेर, मोठ्या रस्त्यावरून, पुलावर चढून परत. वारा लागत होता आणि मनात पत्र तयार होत होतं. 'आपली गाडी सुरू झाली. आवाज पूर्वीसारखाच आहे.' दुसरं वाक्य अगदी जवळ आलं होतं. तेवढ्यात टॉवर चौकात, ऐन गर्दीत, इंजिनातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, मागचं चाक जागीच धरलं गेलं, आणि दोघे म्हातारे फळांच्या गाडीपासून हातभर अंतरावर येऊन थांबले.

"काका, ऑइल डाला था के नी?" पेरूवाल्याने विचारलं.

"तू अमरूद बेच," तात्या म्हणाले.

"बेच ही रहा था, आप ही ले लेते सारे!"

ट्रॅफिकवाल्याने शिट्टी वाजवली. रिक्षावाल्यांनी सल्ले दिले. गाडी ढकलत दोघे घरी आले.

संध्याकाळी सिलिंडर पुन्हा वर्तमानपत्रावर आला. वरच्या रिंगेचे दोन तुकडे झाले होते आणि सिलिंडरच्या आत, खालच्या बाजूला, नखाने ओढावी तशी उभी रेघ पडली होती.

"रिंगच खराब निघाली," तात्या म्हणाले. पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. "आजकाल मालच असा येतो."

इथे 'हो ना' म्हणणं फार सोपं होतं. पागनिसांनी ते म्हणायला तोंड उघडलंही. पण रेघेवर बोट फिरवताना त्यांना एकदम बाईंची गाडी दिसली. तात्यांची नाही, आपली नाही, बाईंची. आणि ते बोलून गेले.

"रिंग खराब नव्हती, तात्या. आपण वर मोजली. खाली मोजायला हवी होती. खाली झीज कमी असते, फट तिथे कमी भरली असती. गरम झाल्यावर टोकं भिडली."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"पुस्तकात होतं."

"म्हणजे मोजत होतो तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तात्या हळूहळू उठून उभे राहिले. "मग बोलला का नाहीत?"

"तुमचा मान... मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"मान!" तात्यांचा आवाज गल्लीभर गेला. "अहो, डेपोत ड्रायव्हर लोक माझ्या तोंडावर सांगायचे, तात्या, तुमने ब्रेक का सत्यानाश कर दिया. त्यानं गेला नाही माझा मान! तुम्ही मला विचारलंत तरी का? मनातल्या मनात ठरवून टाकलंत, हा म्हातारा ऐकणार नाही. हा तुम्ही माझा मान राखलात?"

आणि ते चहा न घेता जिना चढून गेले.

पागनीस तुटक्या रिंगेजवळ बसून राहिले. ते कधी कुणाला दुखवायचे नाहीत. सगळं गाव त्यांच्याबद्दल असंच म्हणायचं, आणि त्यांनाही मनातून ते खरं वाटायचं.

थोड्या वेळाने वहिनी खाली आल्या, हातात झाकलेली ताटली.

"रुसलेत. दोनदा वाढून घेऊन जेवलेत, पण रुसलेत," त्यांनी सांगितलं. "तुम्ही खाऊन घ्या." मग सिलिंडरकडे बघून त्या म्हणाल्या, "विजयाताईंना कळवलंत?"

"गाडीचं? नाही."

"गाडीचं नाही हो."

पागनीस बोटांवरचं तेल फडक्याला पुसायला लागले.

"माझ्याकडे दर रविवारी फोन येतो त्यांचा. पागनीस कसे आहेत, एवढंच विचारतात. तब्येत, खोकला, जेवण. पत्राचं एक अक्षर काढत नाहीत. परवा मीच विचारलं, तेव्हा म्हणाल्या, प्रतिभा, त्यांना नाही म्हणायला जड जातंय गं, म्हणून गप्प आहेत. भला माणूस आहे, मी उगाच त्यांना कोड्यात टाकलं." वहिनींनी पदराने हात पुसले. "आदित्यनं भाडेकरू बघितलाय. पुढच्या आठवड्यात बोलणी आहेत."

"नाही म्हणायला?" पागनीस म्हणाले. "मी नाही कशाला म्हणेन?"

"ते मला काय सांगता? मी थोडीच तुमच्या घरात राहायला येतेय!"

त्या गेल्या. पागनिसांनी ताटलीवरचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं. इतके महिने त्यांना वाटत होतं की आपण एक चांगलं उत्तर तयार करतोय. तिकडे उत्तर कधीच पोचलं होतं, आणि चुकीचं.

त्यांनी सिलिंडर उचलला. जड होता. खिशात फिलर गेज, वरच्या खिशात शाबूत राहिलेली दुसरी रिंग, काखेत पुस्तक आणि हातात पिस्टन. मध्येच जिन्यावर थांबून दम घेत ते वर गेले. दार उघडंच होतं. तात्या टीव्ही लावून बसले होते, आवाज बंद करून.

"तात्या, मी तुम्हाला काही दाखवायला आलोय," पागनीस म्हणाले. "ऐकायचं नसेल तर तसं सांगा. पण मी सांगणार."

तात्यांनी मान वळवली नाही. पण पाय उचलून टीपॉयवर जागा करून दिली.

पागनिसांनी रिंग घातली, पिस्टन उलटा धरून तिच्या मागून सरळ खाली दाबला आणि बाराचं पातं लावलं. गेलं नाही. दहाचं लावलं. गेलं नाही. आठचं, सहाचं. सगळ्यात बारीक पातंसुद्धा फटीत न शिरता वाकलं. तात्यांनी चष्मा लावला, गेज हातातून घेतलं, स्वतः लावून बघितलं. मग रिंग वर आणून लावून बघितलं. मग पुन्हा खाली. असं चारदा केलं.

"डेपोत," ते शेवटी म्हणाले, "आम्ही इंजिन खोललं की नवी स्लीव्हच टाकायचो. म्हणजे सिलिंडरच नवा. वर मोजा, खाली मोजा, सगळं एकसारखं. घिसलेल्यात रिंग टाकायची वेळच आली नाही कधी." त्यांनी गेज मिटलं. "आणि तिथं मी फोरमन होतो, हे विसरा. इथं दोघे मिळून करतोय ना?"

"हो."

"मग बोलत जा, यार."

"बोलेन," पागनीस म्हणाले. "आता बोरिंगच करावं लागेल. रेघ पडलीये."

"उद्या नेतो. आता ह्याला नवा पिस्टन, नव्या रिंगा. आणि ह्या वेळी तुम्ही मोजायचं, मी घिसणार."

"नाही," पागनीस म्हणाले आणि स्वतःच दचकले. "मोजायचंही मीच आणि घासायचंही मीच. तुम्ही फार जोर लावता."

आतून वहिनी मोठ्याने हसल्या. तात्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, पण तेही हसत होते.

सकाळी बोरिंगवाल्याचा निरोप आला, की भाचीचं लग्न आहे, दहा-बारा दिवस लागतील. पागनिसांना जुन्या सवयीने वाटलं, मग पत्रही तेव्हाच... आणि त्यांनी तो विचार पुरा होऊ दिला नाही. उघड्या पोर्चमध्ये, पिस्टन एका बाजूला सारून, ते लिहायला बसले. एकाच कागदावर, न फाडता.

"विजया,

मला तुम्ही इथे हव्या आहात. ही माझी इच्छा आहे. तुमचं पत्र आलं त्या दिवशीही हीच होती. इतके दिवस लिहिलं नाही तो नकार नव्हता, भित्रेपणा होता. तुम्ही त्याचा अर्थ नकार असा घेतलात हे मला काल कळलं, आणि रात्रभर वाईट वाटत राहिलं.

आदित्यला फ्लॅट खुशाल भाड्याने देऊ द्या. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. पुस्तकं एका खोलीत मावतील, नाही मावली तर काही वाचनालयाला देईन. कोणती द्यायची ते तुम्ही ठरवू नका, त्यावरून आपलं भांडण होईल. मला घरात भांडायची सवय नाही, पण मी शिकेन.

बुलेट बंद आहे. मी दुरुस्त करायला गेलो आणि टॉवर चौकात ती जाम केली. चूक माझी, जे माहीत होतं ते मी बोललो नाही. सिलिंडर बोरिंगला जायचाय. भंगारात देणार नाही. तुम्ही आलात तेव्हा ती चालू असेल असं वचन देत नाही. तरी या.

आल्हाद पागनीस"

त्यांनी ते पुन्हा वाचलं. 'रात्रभर' शब्द जरा जास्त वाटला. भांडणाचं वाक्य पोरकट वाटलं. सहीत नुसतं आल्हाद लिहावं की काय, असंही वाटलं. हात कागद फाडायला पुढे आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बोटांना ग्रीस लागलंय आणि कोपऱ्यावर काळा ठसा उमटलाय. ते आणखी कसनुसे झाले, आणि तसाच घडी घालून त्यांनी कागद पाकिटात घातला.

पोस्टात रांग होती. तात्या सोबत आले होते, कारण वहिनींनी पाठवलं होतं. "परत फिरलात तर धरून आणायला," तात्यांनी खुलासा केला.

खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. "स्पीड पोस्ट?"

"हाँ."

"नासिक. अंकल, इसमें कोई डॉक्युमेंट है? अर्जेंट है?"

पागनिसांच्या मागे चार माणसं उभी होती. त्यांना एरवी अशा वेळी घाम फुटायचा.

"चिट्ठी है," ते म्हणाले, हवं त्यापेक्षा जरा मोठ्याने. "बहुत अर्जेंट है."

मुलीने चिकटपट्टी लावली, शिक्का मारला, आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.